लाटेकमध्ये मराठी सेट केली, तरी मथळे इंग्रजीच का येतात?

लाटेक (आज्ञा लिहून दस्तऐवज घडवायची प्रणाली) वापरताना प्रीॲम्बलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या सेटिंगच्या भागात, 'रिन्यूकमांड' वापरून अनुक्रमणिकेचा मथळा मराठीत केला, कंपाइल केले, पीडीएफ उघडली, तर वर पुन्हा इंग्रजी 'कंटेंट्स'. मग कुणीतरी सुचवते, ती ओळ 'बिगिन डॉक्युमेंट'च्या खाली टाकून बघ. टाकली, आणि चालले. पुढे कधीतरी मधल्या एका प्रकरणात दोन परिच्छेद इंग्रजीत घातले, आणि तिथून पुढच्या सगळ्या आकृत्यांखाली 'फिगर' छापून यायला लागले. म्हणजे दुखणे गेले नव्हते, तात्पुरते दबले होते.

हा प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत येतो की एकदाच नीट लिहून ठेवतो. आधी एक सूचना: इथे आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत, आधी उलटी तिरकी रेघ देऊनच लिहायच्या आहेत.

मुळात 'भाषेची सेटिंग' नावाची एकच गोष्ट लाटेकमध्ये नाही. कंपाइल करणारे इंजिन वेगळे, अक्षरे जुळवणारा फॉन्ट वेगळा, मथळे-तारखा-शब्दतोड सांभाळणारे भाषेचे पॅकेज वेगळे, आकड्यांची लिपी आणखी वेगळी. शिवाय मागच्या कंपाइलच्या उरलेल्या फाइली आहेतच. बिघाड यांपैकी एका ठिकाणी असतो आणि आपण दुसऱ्याच ठिकाणी ओळी वाढवत बसतो. म्हणून काहीही बदलण्याआधी नेमके कोण रुसले आहे ते ओळखायचे.

मथळा परत इंग्रजी का होतो

बॅबेल असो वा पॉलिग्लॉसिया (भाषा सांभाळणारी दोन पॅकेजे, म्हणजे लाटेकला जोडायचे संच), प्रत्येक भाषेसाठी मथळ्यांचा एक संच साठवलेला असतो: अनुक्रमणिका, प्रकरण, आकृती, कोष्टक, संदर्भ वगैरे. 'बिगिन डॉक्युमेंट' येताच मुख्य भाषेचा संच लागू होतो. तुम्ही प्रीॲम्बलमध्ये आधी केलेला बदल तिथे पुसला जातो. ओळ खाली नेली की ती संचानंतर येते, म्हणून टिकते, पण फक्त पुढच्या 'सिलेक्टलँग्वेज' या भाषा बदलणाऱ्या आज्ञेपर्यंत. भाषा बदलली की त्या भाषेचा संच नव्याने लागू होतो आणि तुमचा शब्द पुन्हा पुसला जातो. इंग्रजी परिच्छेद संपल्यावर मराठीत परत यायची आज्ञा द्यायची राहिली, तर लाटेक पुढचा सगळा दस्तऐवज इंग्रजी समजूनच चालते.

उपाय एकच: बदल संचाच्या आतच करायचा. नव्या बॅबेलमध्ये त्यासाठी 'सेटलोकेलकॅप्शन' ही आज्ञा आहे. तिला भाषा, मथळ्याचे नाव आणि हवा तो शब्द अशा तीन गोष्टी द्यायच्या. जुन्या फाइलींत 'ॲडटू' वापरून 'कॅप्शन्समराठी'मध्ये भर घातलेली दिसेल, तीही याच जातीची. पॉलिग्लॉसियात हेच काम 'जीॲपटू'ने होते. एवढे केले की भाषा कितीही वेळा बदला, मराठीत परतल्यावर तुमचाच शब्द येतो.

छोट्या इंग्रजी मजकुरासाठी मात्र 'सिलेक्टलँग्वेज' वापरूच नये असे माझे मत आहे. एखाद्या वाक्यापुरती 'फॉरेनलँग्वेज' आणि परिच्छेदापुरते तारा (*) लावलेले 'अदरलँग्वेज' हे एन्व्हायर्नमेंट पुरते. बॅबेलमध्ये ही दोन्ही शब्दतोडीचे नियम बदलतात, पण मथळे आणि तारीख यांना हात लावत नाहीत. इथे उलटी तक्रारही येते: 'अदरलँग्वेज'ला तारा लावला आणि आतल्या कोष्टकाचा मथळा त्या भाषेत आलाच नाही. तो येणार नाही; तारा काढा.

आता समजा तुम्ही कुठलाच मथळा हाताने बदललेला नाही, तरीही सगळे इंग्रजीत आहे. मग मराठी ही मुख्य भाषा झालेलीच नाही. बॅबेलला भाषांची यादी दिली की यादीतली शेवटची भाषा मुख्य धरली जाते. बहुतेकांना पहिली मुख्य वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविकही आहे. त्यात काही भाषा 'डॉक्युमेंटक्लास'च्या कंसात आणि काही बॅबेलच्या कंसात लिहिल्या तर गोंधळ आणखी वाढतो. क्रमावर अवलंबून न राहता 'मेन=मराठी' असे स्पष्ट लिहावे. खात्री करायची असेल तर मजकुरात कुठेही 'लँग्वेजनेम' ही आज्ञा टाका. त्या जागी चालू असलेल्या भाषेचे नाव छापून येते. एवढ्या छोट्या तपासणीने निम्मी कोडी सुटतात, तरी ती कुणी करत नाही.

बॅबेलची जुनी आवृत्ती असेल तर मराठी म्हटल्यावर 'अननोन ऑप्शन' अशी चूक येते, कारण बॅबेल ज्या जुन्या पद्धतीच्या भाषा-फाइली शोधते त्यांत मराठीची फाइल नाही. मराठी नव्या पद्धतीच्या आयएनआय फाइलीतून येते. ती मागवायला बॅबेलच्या पर्यायांत 'प्रोव्हाइड=*' लिहावे लागते. यातही एक खोच आहे. हा पर्याय फक्त मुख्य भाषेला लागू होतो. मराठी दुय्यम भाषा असेल तर 'प्रोव्हाइड*=*' लिहायचे, म्हणजे बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना तारा.

बॅबेल आणि पॉलिग्लॉसिया दोन्ही एकत्र लोड करू नका. वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या प्रीॲम्बलांच्या गोधडीत हे हमखास सापडते.

अक्षरेच नीट येत नसतील तर

ही वेगळी तक्रार आहे आणि भाषेच्या पॅकेजशी तिचा संबंध थोडाच. लॉगची, म्हणजे कंपाइलच्या नोंदींच्या फाइलीची, पहिली ओळ वाचा. कुठल्या इंजिनाने कंपाइल झाले ते तिथेच लिहिलेले असते. तिथे पीडीएफटेक (पीडीएफलाटेकचे इंजिन) दिसले तर पुढे काही शोधायची गरज नाही. 'युनिकोड कॅरेक्टर म नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक' ही चूक त्याचीच खूण. 2018 पासून लाटेक यूटीएफ-8 मजकूर आपोआप वाचते खरे, पण वाचणे वेगळे आणि देवनागरी जुळवून छापणे वेगळे. पीडीएफलाटेकला ओपनटाइप फॉन्ट वापरता येत नाहीत. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा. बरेचसे संपादक सुरुवातीला पीडीएफलाटेकवरच असतात आणि नवीन प्रकल्प उघडला की पुन्हा तिथेच जातात. 'काल चालत होते, आज नाही' यामागे बऱ्याचदा एवढेच असते.

इंजिन बरोबर आहे, पण अक्षरांच्या जागी मोकळे आहे किंवा चौकोन आहेत: मग चालू फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लाटेकच्या मूळच्या लॅटिन मॉडर्न फॉन्टात ती नाहीच. वाईट हे की यासाठी कंपाइल थांबत नाही, लॉगमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' एवढीच नोंद पडते. दोनशे पानी प्रबंधात अशी नोंद कोण बघणार? प्रीॲम्बलमध्ये 'ट्रेसिंगलॉस्टकॅरॅक्टर्स' या मूल्याला 3 करा (त्या आज्ञेचे रोमन रूप 'ट्रेसिंगलॉस्टचार्स' असे आखूड आहे). टेक लाइव्ह (लाटेकची सगळी सामग्री एकत्र देणारे वितरण) 2021 पासून त्यामुळे हरवलेले प्रत्येक अक्षर सरळ चूक म्हणून अडवले जाते. माझ्या मते प्रत्येक मराठी दस्तऐवजात ही ओळ असावी.

पॉलिग्लॉसिया वापरत असाल तर ते स्वतःच अडून 'करंट रोमन फॉन्ट डझ नॉट कंटेन द देवनागरी स्क्रिप्ट' म्हणते. त्यावर 'न्यूफॉन्टफॅमिली'ने 'देवनागरीफॉन्ट' या नावाचे कुटुंब घडवायचे आणि त्यात 'स्क्रिप्ट=देवनागरी' लिहायचे. हे केल्यावर मजकूर येतो, आणि मग नवी तक्रार: मजकूर दिसतो, पण शीर्षकेच गायब. कोमा-स्क्रिप्टच्या वर्गांत (दस्तऐवजाच्या तयार साच्यांत) शीर्षके सान्स फॉन्टमध्ये असतात, आणि तुम्ही फक्त रोमन कुटुंब दिलेले असते. 'देवनागरीफॉन्टएसएफ' वेगळे द्यावे लागते. कोडच्या चौकटीत मराठी टिपणे असतील तर 'देवनागरीफॉन्टटीटी'सुद्धा. बॅबेलमध्ये 'बॅबेलफॉन्ट' आज्ञेला 'आरएम', 'एसएफ', 'टीटी' अशी तीन वेळा फॉन्टची नावे देऊन टाकली की झाले.

अक्षरे आहेत, पण जोडाक्षरे फुटलीत, हलन्त उघडे दिसताहेत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली आहे: फॉन्टला लिपी सांगितलेली नाही. फॉन्टस्पेकमध्ये (फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये) 'सेटमेनफॉन्ट' लिहून थांबलात तर देवनागरीचे जुळवणीचे नियम लागू होत नाहीत. 'स्क्रिप्ट=देवनागरी' हवेच. लुआलाटेकवर असाल तर सोबत 'रेंडरर=हार्फबझ'ही लिहा (हार्फबझ म्हणजे अक्षरे जुळवणारी सोय); लुआलाटेकची मूळची जुळवणी देवनागरीत अडखळते. टेक लाइव्ह 2020 पासून लुआलाटेकच्या पोटात हार्फबझ आहे, पण ते मागितल्याशिवाय कामाला लागत नाही. झीलाटेक मात्र मुळातच हार्फबझवर चालते. 'बॅबेलफॉन्ट' वापरले तर लिपी आणि भाषा दोन्ही ते स्वतः भरते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी बॅबेल सुचवतो त्याचे हे एक कारण आहे.

ल आणि श हिंदी वळणाचे येतात ही तक्रार याच्या पुढच्या पायरीवर आहे. फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे ल-श असले तरी 'लँग्वेज=मराठी' सांगितल्याशिवाय ते पुढे येत नाहीत. सांगूनही आले नाहीत, आणि लॉगमध्ये या फॉन्टला मराठी भाषा उपलब्ध नाही अशी नोंद असेल, तर फॉन्टमध्ये ती सोयच नाही. मग फॉन्ट बदला. सेटिंग उकरून उपयोग नाही.

दोन गोष्टी सेटिंगच्या समजून उगाच शोधल्या जातात, त्या टंकनाच्या आहेत. 'आचाऱ्यांना' हवे असताना 'आचार्यांना' आले, तर भाषेचे पॅकेज निर्दोष आहे. साधा र न टाइपता नुक्त्याचा ऱ टाइपायला हवा होता. आणि 'ॲ'च्या जागी अ, मग ठिपक्यांचे वर्तुळ, त्यावर चंद्र असे दिसत असेल, तर ते अक्षर अ आणि ॅ असे दोन तुकड्यांत लिहिले गेले आहे. हार्फबझ ही जोडी अवैध मानून मध्ये वर्तुळ घालते. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ते नसण्याचीही शक्यता असते. संपूर्ण फाइलीत शोधा-बदला करून टाका.

तिरपा टाइप मागितला की 'फॉन्ट शेप अनडिफाइन्ड' अशी सूचना येते, कारण देवनागरी फॉन्टांना बहुधा तिरपे रूप नसते. 'ऑटोफेकस्लँट'ने कृत्रिम तिरपेपणा देता येतो, पण तो दिसायला वाईटच. जोर द्यायचा तर ठळक करा.

आकडे

इथे लोक सर्वांत जास्त अडकतात, कारण 'आकडे मराठीत हवेत' या एका वाक्यात तीन वेगळ्या मागण्या असतात.

पहिली मागणी पान, प्रकरण, आकृती यांच्या क्रमांकांची. पॉलिग्लॉसियात मराठीला 'न्यूमरल्स=देवनागरी' किंवा 'न्यूमरल्स=वेस्टर्न' हा पर्याय आहे; बॅबेलमध्ये 'बॅबेलप्रोव्हाइड'ला 'मॅपअरॅबिक' देता येते. दुसरी मागणी मजकुरात हाताने टाइपलेल्या आकड्यांची. वरच्या पर्यायांनी ते बदलत नाहीत, आणि 'अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी' ही तक्रार इथून येते. एक तर ते देवनागरीतच टाइपा, किंवा लुआलाटेकवर बॅबेलचा 'मॅपडिजिट्स' पर्याय वापरा. तिसरी मागणी गणितातल्या आकड्यांची. गणिताचा फॉन्ट वेगळा असतो आणि त्यात देवनागरी आकडे नसतात. समीकरणात थेट '१' टाइपले तर ते छापलेच जात नाही, आणि पुन्हा तीच 'मिसिंग कॅरेक्टर'ची मुकी नोंद. समीकरणे भरपूर असतील तर सगळीकडेच 1, 2, 3 ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. पान क्रमांक एका लिपीत आणि समीकरणातले सहगुणक दुसऱ्या लिपीत, असे पान वाचकालाही खटकते.

क्रमांक देवनागरीत केल्यावर एक विचित्र चूक येऊ शकते: 'मिसिंग नंबर, ट्रीटेड ॲज झीरो'. ती भाषेच्या ओळीवर येत नाही, कुठल्या तरी भलत्याच पॅकेजच्या पोटात किंवा तुमच्या एखाद्या जुन्या मॅक्रोत (स्वतः घडवलेल्या आज्ञेत) येते, म्हणून तिचा भाषेशी संबंध लवकर ध्यानात येत नाही. कारण सरळ आहे. पान क्रमांक आता टेकच्या दृष्टीने संख्या उरलेला नाही, ती अक्षरे झाली आहेत. 'इफनम'ने 'दपेज'ची तुलना 10 शी करणारा मॅक्रो '१२' पाहून गोंधळतो. तुलना करायची तिथे 'दपेज' काढून 'व्हॅल्यू' आज्ञेने थेट पानाच्या गणकाचे मूल्य घ्या. छापील रूपावर हिशोब करणारा प्रत्येक मॅक्रो असाच दुरुस्त करावा लागतो. चूक एखाद्या तयार पॅकेजमध्ये असेल तर ते लोड होते तिथेच क्रमांक तात्पुरते पाश्चात्त्य ठेवून पाहा. चूक गेली तर गुन्हेगार सापडला.

सगळे बरोबर आहे, तरी चूक जात नाही

आता फाइलीत काहीच चूक नसताना येणारी चूक. तुम्ही भाषा काढली, किंवा बॅबेल काढून पॉलिग्लॉसिया घातले, आणि कंपाइल केले तर 'अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स', तेही तुम्ही कधीच न लिहिलेल्या 'बॅबेल@टॉक' नावाच्या आज्ञेवर. ही आज्ञा मागच्या कंपाइलने टीओसी फाइलीत (अनुक्रमणिकेच्या फाइलीत) लिहून ठेवलेली असते. अनुक्रमणिकेतली प्रत्येक नोंद आपापल्या भाषेत छापली जावी म्हणून बॅबेल भाषाबदल तिथे नोंदवते. बॅबेल गेले, नोंद उरली. तसेच भाषांच्या यादीतून मराठी वगळली, तरी जुन्या ऑक्स फाइलीत (कंपाइलच्या साहाय्यक नोंदींच्या फाइलीत) तिचे नाव असतेच, आणि मग 'तुम्ही ही भाषा अजून ठरवलेली नाही' अशा अर्थाची चूक येते.

औषध म्हणजे ऑक्स, टीओसी, एलओएफ, एलओटी आणि आउट या विस्तारांच्या फाइली काढून टाका आणि पुन्हा दोनदा कंपाइल करा. लाटेकएमके (कंपाइलच्या फेऱ्या आपोआप करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर 'सी' पर्यायाने हेच होते. लहान सी पीडीएफ ठेवते, मोठी सी तीही उडवते. ऑनलाइन संपादकात कॅशे साफ करण्याची सोय शोधा. चूक आली की एंटर दाबत पुढे जायची सवय असेल तर ही व्याधी आणखी चिवट होते, कारण अर्धवट कंपाइल झालेली प्रत्येक फेरी नव्या अर्धवट फाइली लिहून ठेवते. भाषेच्या ओळीला हात लावला की आधी साफसफाई, मग कंपाइल, हा क्रम ठेवा.

बाकीची पॅकेजे

बॅबेल किंवा पॉलिग्लॉसिया फक्त लाटेकच्या नेहमीच्या मथळ्यांची जबाबदारी घेतात. लिस्टिंग्ज पॅकेजमधले 'लिस्टिंग', अल्गोरिदमचे 'अल्गोरिदम', हायपररेफच्या 'ऑटोरेफ'ने येणारे 'सेक्शन' किंवा 'फिगर', क्लेव्हररेफची नावे, हे सगळे त्या त्या पॅकेजमध्ये वेगळे ठरवावे लागते. 'ऑटोरेफ'ची नावे 'एक्स्ट्राजमराठी'मध्ये भर घालून द्यायची, नाही तर सुरुवातीला सांगितलेलाच खेळ इथेही होतो. क्लेव्हररेफला 'सीरेफनेम' आहे. बिबलाटेक (संदर्भसूचीचे पॅकेज) सोबत असेल तर लॉगमध्ये 'सीएसकोट्स मिसिंग' अशी सूचना दिसेल. सीएसकोट्स हे अवतरणचिन्हांचे पॅकेज लोड करून टाका, म्हणजे ही सूचना खऱ्या अडचणीची ओळ झाकणार नाही.

शब्दतोड, आणि 'माझ्या संगणकावर चालते'

मराठीचे शब्द प्रत्यय लागून लांबतात, आणि समासाबाहेर ओळी डोकावू लागल्या की शब्दतोडीचे नियम लोड झाले का हे बघायचे. लॉगमध्ये 'नो हायफनेशन पॅटर्न्स' अशी नोंद असेल आणि त्यापुढे भाषा क्रमांक 0 वापरतो असे लिहिले असेल, तर तुमच्या मराठीवर इंग्रजीचे नियम लागू आहेत, म्हणजे प्रत्यक्षात शब्द तुटतच नाहीत. मराठीचे नियम टेक लाइव्हमध्ये आहेत, पण लिनक्सच्या वितरणांत भाषांची पाकिटे वेगळी असतात आणि मूळ स्थापनेत ती येतातच असे नाही. झीलाटेकमध्ये हे नियम फॉरमॅटमध्ये आधीच भरलेले असतात, म्हणून पाकीट घातल्यावर 'एफएमटीयूटिल'ने फॉरमॅट पुन्हा बांधावा लागतो. बहुधा स्थापना करणारा प्रोग्रॅम ते स्वतः करतो; केले नाही तर पाकीट असूनही नियम लागत नाहीत. लुआलाटेक नियम कंपाइलच्या वेळीच उचलते, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. नियम लागूनही एखादी ओळ हट्टाने बाहेर जात असेल तर 'इमर्जन्सीस्ट्रेच'ला थोडी जागा द्या.

तीच फाइल एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर नाही, तेव्हा फाइल बदलायला घेऊ नका. दोन्हीकडे प्रीॲम्बलमध्ये 'लिस्टफाइल्स' लिहून कंपाइल करा. लॉगच्या शेवटी प्रत्येक पॅकेजचे नाव, तारीख आणि आवृत्ती अशी यादी येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बॅबेल, पॉलिग्लॉसिया आणि फॉन्टस्पेक यांच्या ओळी आधी ताडून बघा, मग फॉन्टच्या फाइलींची आवृत्ती. फरक तिथेच सापडेल.